संगणकातील अदृश्य सेवक

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. १९४५ साली खानदेशात अमळनेर येथे वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली ही कंपनी आज संगणकाच्या व्यवसायासाठी ओळखली जाते. संगणक त्या रस्त्यावरचा असो वा अमळनेरच्या एखाद्या शाळेतला, एक विकार दोहोंकडे सारखाच आढळतो. कोणी काम करीत नसताही यंत्र तापते, पंखा घरघरतो, अक्षर उमटण्यास विलंब लागतो.

याचे कारण बहुधा पडद्यामागील सेवांमध्ये असते. फायलींची शोधसूची तयार करणे, सुधारणा उतरवून घेणे, व्हायरसची तपासणी करणे ही कामे प्रणाली आपण होऊन करते व त्यांत प्रोसेसरचा वेळ खर्ची पडतो. विंडोजमध्ये अशा अनेक सेवा ‘सर्व्हिस होस्ट’ या एकाच नावाखाली वावरतात. म्हणून अपराधी चटकन सापडत नाही.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयू या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत खादाड प्रक्रिया वर येते व तिच्या बाणावर टिचकी मारली की आतील सेवेचे नाव दिसते. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे ९५ हा आकडा पाहून पुष्कळजण घाबरतात, वस्तुतः तो प्रोसेसरच्या विश्रांतीचा आकडा होय!

आठवड्यातून एकदाच सुरू होणाऱ्या संगणकात साचलेली कामे एकदम निघतात. तो काही तास चालू ठेवला म्हणजे बहुधा भार उतरतो. न उतरल्यास तेवढीच सेवा पुन्हा सुरू करून पाहावी. व्हायरसरोधक सेवा मात्र वेगाच्या लोभाने बंद करू नये; शाळेतील पेनड्राइव्ह अनेक हातांतून फिरत असतो.