‘एअरफ्लो’ मोटार

वाऱ्यांत छत्री उघडून चालणारास हवेचा विरोध म्हणजे काय, तें सांगावें लागत नाहीं. वेग वाढतो तसतसा हा विरोध झपाट्यानें वाढतो, व इंजिनाचें बळ त्यांत खर्ची पडतें. तथापि १९३० च्या सुमारास बहुतेक मोटारी पेटीसारख्या चौकोनीच असत. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीचे इंजिनियर कार्ल ब्रीअर यांनीं वाऱ्याच्या बोगद्यांत लहान नमुने ठेवून परीक्षा केली, तेव्हां प्रचलित मोटार उलट तोंडानें ठेविली असतां हवेचा विरोध कमी होतो, असें दिसून आलें!

या अभ्यासांतून १९३४ सालीं ‘एअरफ्लो’ ही मोठी सेडन मोटार निघाली. तिचें तोंड गोलसर असून दिवे अंगांतच बसविलेले होते. इंजिन पुढें सरकविल्यामुळें मागील बैठकही मागच्या चाकांच्या पुढें आली, व उतारूंस बसणारे हिसके कमी झाले.

परंतु तें अपरिचित रूप लोकांस रुचलें नाहीं. शिवाय आरंभींच्या गाड्या वेळेवर मिळेनात व कांहींत दोषही निघाले. १९३७ सालानंतर ती बंद पडली. तिचीं तत्त्वें मात्र पुढें इतर मोटारींत रूढ झालीं. बाजारांत हरलेली कल्पना खोटीच असते असें नाहीं. पण नवी वस्तु लोकांपुढें ठेवणारानें ती निर्दोष करूनच ठेवावी, हा बोध विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावा.