लाभांश : टक्केवारी कशावर मोजतात?

काही वर्षांपूर्वी कापडबाजारात आमच्या कानावर आले, अमुक कंपनीने पन्नास टक्के डिव्हिडंड जाहीर केला. आम्ही दुकानाच्या भांडवलातून वीस हजार काढून 200 रुपये भावाने 100 शेअर घेतले. पुढच्या वर्षीही तोच दर जाहीर झाला. दहा हजार येतील असा आमचा अंदाज. हाती आले 500. कंपनीने फसवले नव्हते, आम्हालाच शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता.

डिव्हिडंड म्हणजे लाभांश, नफ्यातून भागधारकाला मिळणारा हिस्सा. त्याचा दर बाजारभावावर नव्हे, शेअरच्या दर्शनी किमतीवर मोजतात. दर्शनी किंमत 10 रुपये, दर 50 टक्के, म्हणजे शेअरमागे 5 रुपये. आमच्या 200 रुपयांवर तो अडीच टक्केच पडला.

लाभांश म्हणजे व्याज नव्हे. व्याज आधी ठरते; लाभांश नफा पाहून जाहीर होतो, एखाद्या वर्षी मिळतही नाही. शिरकतीच्या धंद्यातला भागीदार नफ्यानुकसानीत सामील असतो, तसेच हे. म्हणून कोणी दरमहा ठराविक लाभांशाची हमी देऊ लागला, तर सावध व्हावे.

आपला जिल्हा सहकाराचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा साखर कारखाना 1950 साली सुरू झाला. अशा कारखान्यात सभासदाला मिळणारा उसाचा भाव हा मालाचा मोबदला; लाभांश मिळतो तो त्याच्या भागभांडवलावर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे हा लाभांश 15 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. शिवाय निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. पतसंस्थेचे भाग घेणाऱ्या कारागीर बंधूंनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

कंपनीने जाहीर केलेला लाभांश 30 दिवसांत मिळायला हवा. सात वर्षे कोणी मागितला नाही, तर ती रक्कम सरकारी निधीत जाते. तेथून परत मिळते, पण अर्ज आणि कागदपत्रे द्यावी लागतात. वडिलांच्या नावाचे जुने शेअर पेटीत पडले असतील, तर आजच बाहेर काढा. पत्ता, बँक खाते आणि वारसाची नोंद तपासा. एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो, तेव्हा तो हिशेबवहीत लिहा.

उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची ऐपत पाहतो. शेअर घेतानाही टक्केवारी ऐकून भुलू नये. नफा किती, दर्शनी किंमत किती आणि आपले पैसे किती गुंतले, हे तिन्ही आकडे आधी कागदावर मांडावेत.