घोरणे आणि स्वस्थ निद्रा

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा निद्रेत जातो. जो व्यापारी आपल्या भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब ठेवीत नाही, त्याच्या पेढीविषयी बाजारात कोणी चांगले बोलणार नाही. निद्रेच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक सारे असेच बेहिशेबी असतो. स्मरणिकेत भाव, कर, वाहतूक अशा विषयांवर लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस घोरण्याचा विषय आणून बसविणे काही बांधवांस थट्टेचे वाटेल. आम्हीही त्याची पुष्कळ वर्षे थट्टाच केली. ती थट्टा अंगाशी येण्याच्या बेतात असताना आमचे डोळे उघडले, म्हणून हा लेख लिहीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन धान्याच्या घाऊक व्यापारात शिरलो आणि त्यातच केस पांढरे केले. सबब डॉक्टरांकडून जे समजून घेतले, वाचले आणि स्वतः आचरून पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

तेरेखोल येथील एक रात्र

चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही उभयता वसुलीच्या निमित्ताने रेडीस गेलो होतो. परतताना तेरेखोल येथे एका स्नेह्यांकडे थांबलो. तेरेखोल हा पेडणे तालुक्याचा भाग असला, तरी तो नदीच्या उत्तर तीरावर आहे. केरीहून होडीने उतरून तेथे जाता येते. किल्ल्याखालीच नदी समुद्रास मिळते. पावसाचा जोर पाहून यजमानांनी मुक्कामाचा आग्रह केला. बोलण्याच्या नादात जेवणास रात्रीचे दहा वाजले. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम त्या दिवशी आमच्याकडून मोडला, हे कबूल केले पाहिजे. भरल्या पोटी आम्ही लगेच आडवे झालो.

घर जुने, कौलारू. खोल्यांच्या भिंती आढ्यापर्यंत पोहोचलेल्या नव्हत्या, त्यामुळे एका खोलीतील आवाज साऱ्या घरास ऐकू जाई. सकाळी पाहतो तो यजमानांच्या वृद्ध मातोश्रींचे डोळे तारवटलेले. आम्ही ओशाळून क्षमा मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, "शेटजी, तुमच्या आवाजाचा मला त्रास नाही झाला. साठ वर्षे मी समुद्र ऐकते आहे. पण तुमचा आवाज मध्येच बंद पडायचा. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. तेव्हा मी उठून बसत होते."

आमच्या सौभाग्यवती जवळच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हे तर रोजचेच आहे. श्वास परत येईपर्यंत मी जागी असते. फारच वेळ लागला तर कोपराने ढोसते." कित्येक वर्षे आमच्या श्वासाची राखण घरात चालली होती आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता. आम्ही मात्र चारचौघांत सांगत असू, की आमची झोप कशी गाढ, पाठ टेकताच घोरू लागतो!

त्याच वर्षी दिवाळीपूर्वी बेळगावहून आंबोली घाटाने गाडी हाकीत येताना आमचा डोळा लागला. शेजारी बसलेल्या चिरंजीवांनी चाक धरले म्हणून हा लेख लिहावयास आम्ही उरलो. घाट उतरल्यावर गाडी त्यांच्या स्वाधीन केली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घेतली.

घोरणे कशाने होते

निद्रेत घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचे मूळ मागे सरकून श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोराने जाऊ लागली की हे मऊ भाग थरथरतात. त्या थरथरीचा आवाज म्हणजे घोरणे. म्हणजे घोरणे हे गाढ झोपेचे चिन्ह नसून वाट अडल्याची वर्दी आहे.

केवळ आवाजापुरते घोरणे फारसे घातक नसते. वाट पूर्णपणे मिटली, तर छाती ओढ घेते पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घुरका येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी क्षणिक असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला किंवा बराच मंदावला, तर डॉक्टर तो एक खंड मोजतात. तासात असे 5 ते 15 खंड सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 व त्यावर तीव्र समजले जातात. या विकारामुळे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो आणि दिवसा पेंग येते.

हा विकार विरळा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी 2023 साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे भारतातील सुमारे 10 कोटी 40 लक्ष प्रौढांना तो असावा. पुरुषांत प्रमाण अधिक, परंतु स्त्रियांतही तो आहे. पाळी थांबल्यानंतर तो वाढतो आणि संकोचामुळे लपून राहतो. लहान मूल रोज घोरत असेल, तर त्यासही तपासून घ्यावे. पुष्कळदा वाढलेले टॉन्सिल हे त्याचे कारण असते.

निद्रेचे पाच भेद

आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरण कर्माचे 9 भेद सांगितले आहेत. त्यांपैकी 5 निद्रेचे आहेत: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. पाठशाळेत ही नावे आपण मुखोद्गत केली. प्रचला म्हणजे बसल्या जागी येणारी पेंग. शास्त्रकारांचा विषय आत्म्याचा आहे, रोगनिदानाचा नव्हे. तरी पडून झोपणे निराळे आणि बसून पेंगणे निराळे, हा विवेक त्यात स्पष्ट आहे. आजचे डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात: दिवसा, बसल्या बसल्या डोळा लागतो काय?

आमच्या गादीवर ही प्रचला रोज दुपारी हजेरी लावीत असे. एकदा 61 क्विंटल तांदळाच्या जागी 16 क्विंटल लिहून गेलो. ग्राहक प्रामाणिक म्हणून नुकसान टळले. दोष आम्ही चष्म्यास दिला होता.

घरच्या घरी करावयाचे उपाय

पहिला उपाय कुशीवर निजण्याचा. उताणे निजल्याने जीभ मागे पडते. झोपेत नकळत पाठीवर वळण्याची खोड असल्यास सदऱ्याच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालावा. पाठीवर वळताच तो टोचतो आणि मनुष्य पुन्हा कुशीवर होतो. फार उंच उशीने मान दुमडते, ती टाळावी. त्यापेक्षा खाटेच्या उशाकडील पायांखाली एकेक वीट देऊन सगळी खाटच तिरकी करावी.

दुसरा उपाय वजनाचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील एका दीर्घ अभ्यासात, जो 2000 साली प्रसिद्ध झाला, असे आढळले की वजन 10 टक्क्यांनी घटल्यास श्वासखंड सुमारे 26 टक्क्यांनी घटतात, आणि तितकेच वाढल्यास सुमारे 32 टक्क्यांनी वाढतात. शिंप्याची फीतही येथे उपयोगी आहे. गळ्याचा घेर पुरुषांत 17 इंचांहून आणि स्त्रियांत 16 इंचांहून अधिक असेल, तर सावध व्हावे.

तिसरा उपाय भोजनाचा. रात्रिभोजनत्याग अहिंसेसाठी सांगितला आहे, प्रकृतीसाठी नव्हे. तरी त्याचा लाभ प्रकृतीस आपोआप मिळतो. भोजन आणि शयन यांत 3 तासांचे अंतर असावे, असे डॉक्टर सांगतात. भरल्या पोटी निजल्यास आम्ल वर येऊन घसा सुजतो. दुकान बंद करून रात्री साडेनऊला जेवावयाचे आणि दहाला निजावयाचे, हा आपल्यापैकी पुष्कळांचा परिपाठ मोडला पाहिजे. आम्ही आता सायंकाळचा डबा दुकानीच मागवितो.

चौथा उपाय खास आपल्या धंद्याचा. गोदामातील धूळ, कोंडा आणि धान्यातील किड्यांचा भुगा यांनी नाक चोंदते. नाक बंद झाले की तोंडाने श्वास सुरू होतो आणि घोरणे बळावते. पोती हलविताना नाका-तोंडावर फडके किंवा मुखपट्टी बांधावी. हमालांनाही द्यावी, त्यांचीही झोप झोपच आहे. रात्री मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवावे. त्यासाठी पाणी उकळून निववलेलेच घ्यावे. आपल्या घरी ते तयार असतेच.

पाचवा उपाय वर्ज्य गोष्टींचा. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल होतात. आपल्यात मद्याचे नाव नसले, तरी झोपेच्या काही गोळ्या तेच काम करतात. डॉक्टरांस न विचारता त्या घेऊ नयेत. तंबाखू, विडी आणि तपकीर यांनी नाक आणि घसा सुजतो.

सहावी गोष्ट दुपारच्या निद्रेची. गोव्यात दुपारी दुकाने बंद ठेवून विश्रांती घेण्याची चाल आहे आणि ती उन्हाळ्यात सुखावह आहे. तथापि ही झोप 20 ते 30 मिनिटांची आणि तीन वाजण्याच्या आत असावी. दोन तास निजणाऱ्यास रात्री झोप येत नाही. चरकसंहितेतही दिवसाची निद्रा मुख्यतः ग्रीष्म ऋतूतच मानवते, असे सांगितले आहे.

घशाचा व्यायाम आणि शंख

सैल स्नायूंना व्यायाम दिल्यास घोरणे कमी होते काय, याचे प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमध्ये 31 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. तीन महिने जिभेचे आणि टाळूचे व्यायाम करणाऱ्यांचे श्वासखंड तासाला सुमारे 22 वरून 14 वर आले. त्यातील दोन प्रकार सोपे आहेत. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूस लावून मागे मागे सरकवावे. आणि सबंध जीभ टाळूस चिकटवून दाबून धरावी.

राजस्थानात जयपूर येथे डॉक्टरांनी मध्यम विकाराच्या 30 रुग्णांवर शंखवादनाचा प्रयोग केला. तो 2025 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच दिवस, किमान 15 मिनिटे, असे सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग सुमारे 34 टक्क्यांनी कमी झाली आणि तासामागे 4 ते 5 खंड घटले. ही वार्ता आशादायक आहे. परंतु तीस पोत्यांच्या नमुन्यावरून सबंध हंगामाचा भाव कोणी बांधीत नाही. शंख जरूर फुंकावा, डॉक्टरांस मात्र सोडू नये.

बाजारात नाकाचे चिमटे, हनुवटीचे पट्टे, तोंडास लावावयाच्या चिकटपट्ट्या अशा नाना वस्तू हमखास गुणाच्या म्हणून विकल्या जातात. आपण पोत्यात सळई घालून नमुना पाहिल्याशिवाय माल घेत नाही. तीच दृष्टी येथे ठेवावी. नाक चोंदलेले असता तोंडास पट्टी लावणे तर धोक्याचेच.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आपले घोरणे आपणांस ऐकू येत नाही. म्हणून घरच्या माणसांस विचारावे, आणि त्यांनी थट्टा न करता खरे सांगावे. श्वास थांबतो काय? गुदमरून जाग येते काय? सकाळी डोके दुखते काय? रक्तदाब औषधांनीही उतरत नाही काय? दिवसा पेंग येते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल, तर छातीच्या विकारांच्या किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे जावे आणि निद्रा-परीक्षण करवून घ्यावे. काही रुग्णांचे परीक्षण लहान उपकरण घरी नेऊनही होते. पेंग येत असेल तोवर गाडी हाकू नये.

आमच्या परीक्षणात तासाला 34 खंड आढळले. डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली. नाकावरील मुखवट्यातून मंद दाबाची हवा घशात जाते आणि मिटणाऱ्या वाटेस आतून टेकू देते. पहिल्या आठ-दहा रात्री आम्ही त्या यंत्रास मनातून शिव्या दिल्या. मुखवट्याचे माप बदलल्यावर तक्रार राहिली नाही. महिन्याभरात दुपारची पेंग गेली. दोन वर्षांत वजन 9 किलोंनी उतरले. सौभाग्यवतींना आता रात्री सलग झोप लागते. आमच्या मते नफ्याची सर्वांत मोठी बाब हीच.

गेल्या पावसाळ्यात यंत्र बरोबर घेऊन पुन्हा तेरेखोलास गेलो. भोजन दिवसाउजेडी आटोपले. मध्यरात्री वीज गेली आणि यंत्र बंद पडले. तेव्हा चेंडूचा सदरा चढवून कुशीवर निजलो. (यंत्र वापरणाऱ्या बांधवांनी बॅटरीची सोय ठेवावी, हा धडा आम्ही त्या रात्री शिकलो.) सकाळी मातोश्रींस विचारले, "झोप लागली ना?" त्या म्हणाल्या, "काल नुसता समुद्रच ऐकू आला."

बांधवहो, आपल्या घरी रात्री कोणी आपला श्वास मोजीत जागे असेल. आज निजण्यापूर्वी त्यास एवढे विचारावे. उत्तर काहीही मिळो, ते थट्टेवारी नेऊ नये.