जुन्या बॅटरीचे पुढे काय होते?

मोटार, रिक्षा, ट्रॅक्टर किंवा घरातील इन्व्हर्टर यांपैकी काहीही घेतले तरी त्याला बॅटरी लागतेच. काही वर्षे काम करून ती एके दिवशी बसते. मग नवी कोणत्या कंपनीची घ्यावी याची चर्चा सर्वजण करतात. जुनीचे पुढे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्याने रसायनशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु माझे वडील रिक्षा चालवतात आणि मामा भंगाराच्या दुकानात कामाला आहेत, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच आहे.

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. तिची रचना मूलतः आजही तीच आहे. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. असे प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा कप्पे जोडले की १२ व्होल्टची बॅटरी तयार होते. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो. शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि शुद्ध केले की पुन्हा नव्यासारखे वापरता येते. म्हणूनच आज जगात तयार होणाऱ्या शिशापैकी निम्म्याहून अधिक शिसे खाणीतून न येता भंगारातून येते. धातूंच्या पुनर्वापराचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

परंतु जे सहज वितळते ते कोणालाही वितळवता येते. परवाना असलेल्या कारखान्यात बॅटरी यंत्राने फोडतात, प्लॅस्टिक वेगळे करतात, आम्लावर प्रक्रिया करतात आणि भट्टीचा धूर गाळूनच बाहेर सोडतात. बेकायदा भट्टीवर यातले काहीच नसते. मामांनी पूर्वी अशा एका भट्टीवर काही महिने काम केले होते. ते सांगतात, “कुऱ्हाडीनं पेटी फोडायची, अॅसिड खड्ड्यात ओतायचं, पट्ट्या कढईत टाकायच्या. तोंडाला रुमाल बांधला की झालं.” मजुरी रोजच्या रोज मिळे, म्हणून ते जात. माझी अकरावीची पुस्तके त्याच मजुरीतून आली. तेव्हा त्यांना दोष देणे मला शक्य नाही.

शिशाची वाफ व धूळ मातीत उतरते आणि मजुराच्या कपड्यांवरून घरातही येते. शरीर शिशाला कॅल्शियमच समजते व हाडांत साठवते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सेनेगल देशाच्या डकार शहरानजीक थियारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिशाने माती दूषित झाली होती. तेथे २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या प्रारंभापर्यंत १८ बालके दगावली. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे, आणि त्याच्या प्रमुख कारणांत अशा भट्ट्या मोडतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. २००१ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था घालून दिली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तर बॅटरी गोळा करून तिचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावरच टाकली. तरीही बेकायदा भट्ट्या चालतात, कारण तेथे भाव जास्त मिळतो. धूर गाळण्याचा आणि आम्लावरील प्रक्रियेचा खर्चच नसल्याने तो भाव त्यांना परवडतो. वडिलांसारख्या रिक्षावाल्याच्या हाती त्यामुळे दोन पैसे अधिक पडतात हे खरे. पण ते पैसे भट्टीशेजारच्या मुलांच्या आरोग्यातून वजा झालेले असतात.

कच्चा माल कोठून येतो, हा प्रश्न केवळ शिशापुरता नाही. मोबाइल व विजेवरील वाहनांच्या अनेक बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते आणि त्याचा फार मोठा वाटा काँगोच्या खाणींतून येतो. तेथील हाताने खोदल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबतात, हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. धातू खाणीतला असो वा भंगारातला, तो कोणाच्या हातून आला याची चौकशी विकत घेणाऱ्या कंपनीने केलीच पाहिजे.

आपणही जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडे देऊन पावती घ्यावी. मात्र नुसत्या भट्ट्या बंद केल्याने मामांसारख्यांचा प्रश्न सुटणार नाही. बॅटऱ्या गोळा करण्याचे त्यांचे काम परवान्याच्या व्यवस्थेत आणावे, त्यांना हातमोजे व मुखपट्टी द्यावी, वेळोवेळी त्यांचे रक्त तपासावे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील गॅरेजे व भंगाराची दुकाने पाहून जुन्या बॅटऱ्या कोठे जातात याची नोंद करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या पाहणीत मामा आपल्याबरोबर येण्यास तयार आहेत.