संगीत मृच्छकटिकातील चारुदत्त : नायकाचे गुण आणि अनुच्चारित प्रेम

अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे शंभरावे अधिवेशन जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड येथे जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. कारखान्यांची नगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परिसरात हा योग जुळून आल्याने जुन्या संगीत नाटकांच्या पुनर्वाचनाचा प्रश्न एका वेगळ्या संदर्भात उपस्थित होतो. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील महाविद्यालयांतून मराठी साहित्याचा अभ्यास करणारे अनेक विद्यार्थी रोजगारासाठी येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतून येतात. मिळकत आटली की माणसाची समाजातील पत कशी घसरते, हे या वर्गाला ग्रंथांतून शिकावे लागत नाही. अशा वाचकाला मराठी संगीत रंगभूमीच्या नायकांपैकी सर्वांत जवळचा वाटावा असा नायक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिक’ नाटकातील चारुदत्त होय. गुणसंपन्न असूनही आपले प्रेम प्रेयसीपुढे बोलून न दाखवणारा हा नायक आहे. त्याच्या गुणांचा आणि त्याच्या मौनाचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्याच दशकात देवलांनी शूद्रकाच्या दहा अंकी ‘मृच्छकटिक’ या संस्कृत प्रकरणाला मराठी संगीत नाटकाचे रूप दिले. कथानकाचा मुख्य ओघ आणि पात्रे मूळचीच आहेत. पुढील विवेचनात अंकांचे जे निर्देश येतील, ते मूळ संस्कृत नाटकातील अंकांचे समजावेत.

या तीन नाटकांचे नायक शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता चारुदत्ताचे वेगळेपण स्पष्ट होते. दुष्यंत आपले प्रेम मुक्तपणे व्यक्त करतो आणि पुढे शापामुळे का होईना, ते विसरतो. अर्जुन यतिवेषाच्या आडून सुभद्रेजवळ वावरतो; त्याचे मौन ही एक युक्ती आहे आणि वेष उतरताच ते संपते. चारुदत्ताजवळ ना राजाचा अधिकार आहे, ना वेषांतराची सोय. तो बोलत नाही, पण विसरतही नाही.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत चारुदत्त हा ‘धीरप्रशांत’ नायकाचे ठरलेले उदाहरण आहे. शास्त्रकारांनी नायकाचे जे सात्त्विक गुण सांगितले आहेत, त्यांपैकी औदार्य आणि गांभीर्य हे दोन गुण येथे विशेष विचारात घ्यावे लागतात. मनात कितीही खळबळ झाली तरी बाहेर विकार दिसू न देणे, हे गांभीर्याचे लक्षण होय. तेव्हा चारुदत्ताचे मौन हा शास्त्रसंमत गुणच आहे, असे म्हणून विषय संपवता आला असता. परंतु नाटककाराने हा गुण नुसता गौरवून सोडलेला नाही. त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हेही त्याने दाखवले आहे.

२

चारुदत्त हा उज्जयिनीतील, सार्थवाहाच्या घराण्यातील ब्राह्मण. त्याचे दारिद्र्य व्यसनातून आलेले नाही, ते दानातून आले आहे. पहिल्या अंकातील त्याचे बोलणे या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. संपत्ती गेल्याचे दुःख तो करीत नाही. संपत्ती गेल्यावर स्नेह्यांची आस्था सैल होते आणि अतिथी घर टाळून जातात, हे त्याला सलते. याच मनःस्थितीत वसंतसेनेबद्दलचे प्रेम त्याच्या मनात आहे. वैभव ओसरल्यावर उत्पन्न झालेले हे प्रेम दुबळ्या माणसाच्या रागासारखे आपल्याच अंगात जिरून जाते, अशा आशयाची उपमा तो स्वतःशीच देतो. अनुच्चाराचे पहिले कारण अशा रीतीने खुद्द नायकाच्या तोंडून कळते. ज्याला काही देता येत नाही त्याने मागू नये, ही त्याची धारणा आहे. औदार्य हा ज्याचा स्वभाव, त्याला रिकाम्या हाताने प्रेम व्यक्त करणे याचनेसारखे वाटते.

त्याच अंकाच्या शेवटी वसंतसेनेला घरी पोचवण्याचा प्रसंग आहे. घरात दिव्याला तेल नाही. चारुदत्त आणि मैत्रेय चंद्राच्या उजेडात तिच्याबरोबर निघतात आणि चारुदत्त बोलतो तो उगवत्या चंद्राविषयी. देवलांनीही या जागी चंद्रोदयाचे पद घातले आहे. प्रिया शेजारून चालत असता नायकाने निसर्गवर्णन करावे, हा केवळ संकेत म्हणून वाचता येईल. पण तेलाच्या अभावाचा उल्लेख ध्यानात घेतला की या वर्णनाला निराळा अर्थ येतो. जे दारिद्र्य त्याला मन मोकळे करू देत नाही, तेच लपवण्याचे काम चंद्र करतो.

३

नायक बोलत नसेल तर प्रेम नाटकात कळते कसे? मृच्छकटिकाचे उत्तर असे की ते वस्तूंमधून कळते. अंधारात दासी समजून चारुदत्त वसंतसेनेच्या अंगावर आपली शाल टाकतो. जाईच्या फुलांचा वास त्या शालीला येतो आणि त्यावरून, या माणसाचे तारुण्य अजून विरक्त झालेले नाही, हे वसंतसेना ओळखते. दुसऱ्या अंकात पिसाळलेल्या हत्तीला आवरणाऱ्या कर्णपूरकाला द्यायला अंगावर दागिना उरलेला नाही, म्हणून चारुदत्त त्याला आपली शाल देतो. तीच शाल वसंतसेना दागिना देऊन मिळवते आणि स्वतः पांघरते. चारुदत्ताला याची कल्पनाही नसते.

याहून अर्थपूर्ण आहे ती ठेवीची कथा. वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार शर्विलक चोरून नेतो. घर फोडलेले पाहून चारुदत्ताला आधी समाधान वाटते ते चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचे; त्यात परक्याची ठेव होती हे कळताच तो मूर्च्छित होतो. या दोन प्रतिक्रियांत त्याच्या स्वभावाचे औदार्य आणि सचोटी हे दोन्ही गुण एकत्र येतात. त्यानंतर सत्याला जपणारा हा पुरुष एक असत्य सांगतो. अलंकार आपण जुगारात हरलो, त्याऐवजी ही रत्नावली घ्यावी, असा निरोप तो मैत्रेयाकरवी पाठवतो. चोरीच्या गोष्टीवर दरिद्री माणसाच्या बाबतीत कोण विश्वास ठेवणार, ही भीती त्यामागे आहे. पण जुगारी ठरण्याची बदनामी पत्करून तिचे नुकसान भरून द्यावे, ही इच्छाही आहे. शर्विलकाने तेच अलंकार आधीच वसंतसेनेला आणून दिलेले असल्यामुळे हा निरोप असत्य आहे हे तिला ठाऊक असते. म्हणूनच तो निरोप तिच्यापुरता प्रेमाची कबुली ठरतो. बोलणाऱ्याला नकळत आणि ऐकणाऱ्याला पूर्ण कळून झालेली ही कबुली मराठी रंगभूमीवरील प्रणयप्रसंगांत असाधारण म्हणावी लागेल.

पाचव्या अंकात वसंतसेना भर वादळात चारुदत्ताच्या घरी येते. आता तरी नायक बोलेल अशी अपेक्षा असते. या ठिकाणचा संस्कृत श्लोक आणि देवलांचे प्रसिद्ध पद या दोहोंतही पावसात भिजून घरी आलेल्या प्रियेला जे आलिंगन देतात ते पुरुष भाग्याचे, असा भाव आहे. येथे व्याकरणाकडे पाहावे. आनंदाच्या या शिखरावरही चारुदत्त ‘मी’ म्हणत नाही. ‘ते पुरुष’ असे तृतीय पुरुषाचे अनेकवचन वापरतो. संगीत नाटकातील पद हे सामान्यतः पात्राचे मन उघडे करण्याचे साधन असते. देवलांनी चारुदत्ताला पद दिले, पण त्याचा संकोच काढून घेतला नाही, यात त्यांची स्वभावचित्रणाची जाण दिसते.

४

या मौनाची दुसरी बाजू धूतेच्या व्यक्तिरेखेतून समोर येते. वसंतसेनेला पाठवलेली रत्नावली चारुदत्ताची नव्हे, ती त्याच्या पत्नीला माहेरून मिळालेली आहे. पती ती सरळ घेणार नाही हे जाणून धूता व्रताच्या दानाचे निमित्त करून ती मैत्रेयाला देते. म्हणजे चारुदत्ताने जशी जुगाराची सबब पुढे केली, तशीच धूतेने व्रताची. दोघेही न बोलता देतात. फरक एवढाच की चारुदत्ताच्या मौनाला वसंतसेनेसारखी जाणकार मिळते. धूतेच्या मौनाला, पत्नीच्या धनावर आपला निभाव लागला या चारुदत्ताच्या खंतीशिवाय, उत्तर मिळत नाही. नायकाच्या गुणांची यादी करताना हा तपशील वगळला तर चित्र एकांगी होते. त्याचे औदार्य काही अंशी दुसऱ्याच्या त्यागावर उभे आहे, आणि नाटककाराने ते लपवलेले नाही.

५

नवव्या अंकातील न्यायसभेचा प्रसंग हा या विवेचनाचा निर्णायक टप्पा होय. वसंतसेनेच्या खुनाचा आरोप शकाराने चारुदत्तावर घातला आहे. ती गणिका तुझी मैत्रीण आहे काय, असा साधा प्रश्न त्याला विचारला जातो. चारुदत्त लाजतो, अडखळतो. पुन्हा विचारले असता, यात दोष असेल तर तारुण्याचा, चारित्र्याचा नव्हे, अशा अर्थाचे उत्तर देतो. ती कोठे गेली, कोणाबरोबर गेली, यावर तो समाधानकारक काही सांगू शकत नाही. तेवढ्यात मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार खाली पडतात. रोहसेनाची मातीची गाडी सोन्याची व्हावी म्हणून तिनेच मायेने दिलेले हे अलंकार आता खुनाचा पुरावा ठरतात. शेवटी चारुदत्त आरोपाचे वाक्य स्वतःच सुरू करतो आणि उरलेले हा सांगेल, असे म्हणून शकाराकडे सोपवतो.

पहिल्या अंकातील मौन आणि या अंकातील मौन एकच नाही. पहिले मौन वसंतसेनेच्या मानासाठी होते. आपल्या दारिद्र्याचा भार तिच्यावर पडू नये, ही त्यामागील भावना होती. न्यायसभेतील संकोच मात्र स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी आहे. गणिकेला मैत्रीण म्हणण्याची लाज त्याला सत्य सांगू देत नाही, आणि ही लाज न्यायसभेत संशयाला बळ देते. जो गुण प्रेमाला शोभा देत होता, तोच लोकलज्जेशी जोडला जाताच दोष बनतो. चारुदत्ताला आदर्श पुरुष म्हणून गौरवणारे विवेचन या प्रसंगाशी बहुधा अडखळते. परंतु याच प्रसंगाने त्याला आदर्शाच्या पुतळ्यातून माणसाच्या पातळीवर आणले आहे.

दहाव्या अंकात वधस्तंभाकडे नेले जात असता अपराधाची दवंडी कानी पडताच तो वसंतसेनेचे नाव घेऊन तिला प्रिया म्हणून संबोधतो. न्यायाधीशापुढे ज्याला ‘मैत्रीण’ हा शब्द उच्चारता आला नाही, त्याला मृत्यूच्या वाटेवर ‘प्रिया’ हा शब्द सापडतो. या वेळी गमावण्यासारखी प्रतिष्ठा उरलेली नाही. मात्र हे ऐकायला वसंतसेना तेथे नसते. ती येते, त्याला वाचवते, राज्य बदलते; आणि तिला ‘वधू’ ही पदवी मिळाल्याची वार्ता नव्या राजाच्या वतीने शर्विलक जाहीर करतो. तिच्या मस्तकावर वस्त्र पांघरण्याचे कामही तोच करतो. अंधारात टाकलेल्या शालीपासून सुरू झालेली कथा अशा रीतीने एका वस्त्रापाशीच येऊन थांबते, आणि अखेरचा शब्दही नायकाऐवजी दुसऱ्याच्या तोंडी राहतो.

६

चारुदत्त हा निष्क्रिय नायक आहे, सर्व कृती वसंतसेनाच करते, असा आक्षेप घेतला जातो. रंगभूमीच्या स्मृतीतही गणपतराव बोडसांचा शकार आणि बालगंधर्वांची वसंतसेना यांनी जेवढी जागा व्यापली, तेवढी चारुदत्ताला मिळाली नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. आर्यकाला आश्रय देणे, पूर्वीच्या सेवकाच्या मनात आदर टिकवून ठेवणे, प्राण घ्यायला निघालेल्या शकाराला क्षमा करणे या चारुदत्ताच्याच कृती आहेत. शिवाय वसंतसेनेला वाचवणारा भिक्षू हा त्याचाच एके काळचा संवाहक आहे. त्याने पूर्वी केलेले चांगुलपण त्याच्या अपरोक्ष त्याच्यासाठी उभे राहते. मात्र मनातले सांगण्याच्या बाबतीत तो दुबळा आहे, हे मान्य करावेच लागते.

यावरून चारुदत्ताचे गुण आणि त्याचे अनुच्चारित प्रेम या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, असा निष्कर्ष निघतो. औदार्य, सचोटी आणि गांभीर्य यांमुळेच त्याचे प्रेम मुके राहते, आणि त्यांच्याचमुळे ते वस्तूंच्या, निरोपांच्या आणि परक्यांच्या कृतज्ञतेच्या द्वारे बोलते. दुसऱ्याच्या मानासाठी पाळलेले मौन आणि स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी पाळलेले मौन यांतील भेद हे नाटक दाखवते. पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकवताना पहिला आणि नववा अंक शेजारी ठेवून वाचल्यास हा भेद विद्यार्थ्यांना स्वतःच सापडेल. पोटापाण्याच्या ओढीने वाढलेल्या आजच्या नगरांत, हातात पैसा नसताना प्रेम कसे व्यक्त करावे आणि लोक काय म्हणतील या भीतीने ते किती काळ दाबावे, हा प्रश्न शिळा झालेला नाही. चारुदत्ताने त्याचे अर्धेच उत्तर दिले आहे. उरलेले अर्धे वसंतसेना भर पावसात चालत येऊन देते.