डोंगरातलं सोनं जोखताना

पूनम सागर, मीरा रोड (पूर्व)

पोरी,

सोन्याच्या शोधावर तुझी पहिली नेमणूक झाली, तीही उभ्या चढाच्या डोंगरात, हे ऐकून फार बरं वाटलं. माझी नोकरी रिगच्या आवाजात आणि कोअर बॉक्स तपासण्यात गेली. त्यातलं जे तुझ्या उपयोगाचं आहे, ते लिहून पाठवतोय. आधी मुख्य गोष्ट सांगतो. बोअर मारून शीर कुठून कुठे जाते ते शोधायचं आणि बल्क सॅम्पल, म्हणजे टनावारी दगड, काढून तिच्यात सोनं किती आहे ते तोलायचं. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस.

पहिल्यांदा सोन्याचा कण केवढा आहे ते बघ. एक मिलिमीटर बाजूचा सोन्याचा कण 19 मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. प्रयोगशाळेत भट्टीत जातो तो नमुना 30 ते 50 ग्रॅमचा. तो एक कण 50 ग्रॅमच्या नमुन्यात आला, तर अहवालात टनाला 386 ग्रॅम सोनं दिसेल. नाही आला, तर शून्य. तोच कण एक टन दगडात धरलास, तर टनाला 0.02 ग्रॅमसुद्धा होत नाही. एनक्यू मापाच्या बोअरमधून निघणारा दगडाचा मीटरभर दांडा, म्हणजे कोअर, पाच किलोच्या आत असतो आणि त्यातला अर्धाच तपासणीला जातो. सोनं बारीक आणि सारखं पसरलेलं असेल, तर बोअरच्या आकड्यांवर विसंबता येतं. गारगोटीच्या शिरेत ते डोळ्यांना दिसेल इतकं जाड असेल, तर नुसत्या बोअरवर टनामागचं सोनं ठरवू नकोस.

आपल्या मीरा रोडला इमारतीच्या पुनर्विकासाआधी मातीचे मोजके बोअर घेतात आणि त्यावर पायाचा हिशेब होतो, कारण खाडीकाठचा चिखल बराचसा सलग असतो. सोन्याची शीर तशी नसते. चार पावलांवर ती रिकामी होते आणि पुन्हा भरते.

दुसरं, बोअरचा कोन तपास. उभ्या डोंगरात रिग हवी तिथे बसत नाही. जिथे सपाटी मिळते तिथे बसते. मग बोअर शिरेला तिरका छेदतो. शिरेशी 30 अंशांचा कोन झाला, तर कोअरमधले चार मीटर म्हणजे शिरेची खरी जाडी दोनच मीटर. ही दुरुस्ती केली नाही, तर कागदावरचं सोनं दुप्पट होतं. कोअर किती टक्के हाती आला तेही लिहून ठेव. ठिसूळ भागातला दगड धुऊन गेला असेल, तर नेमकं सोनंच त्याच्याबरोबर गेलेलं असू शकतं.

तिसरं, डोंगराचा चढ आपल्या कामाला लाव. सपाट मुलखात शिरेपर्यंत जायला खोल शाफ्ट, उपसा पंप आणि पाळणा लागतो. डोंगरात पायथ्याजवळून आडवा बोगदा नेता येतो. किंचित चढ ठेवला की पाणी आपोआप बाहेर येतं. शिरेला भिडलं की तिच्या अंगाने पुढे जायचं आणि जागोजागी कोनाडे काढून आतूनच पंख्यासारखे आखूड बोअर मारायचे. कोनही चांगला मिळतो, माथ्यापर्यंत रस्ता कापावा लागत नाही आणि त्याच बोगद्यातून बल्कही निघतो. मात्र शीर आहे याची खात्री थोड्या बोअरनी आणि चरांनी करून घेतल्याशिवाय बोगद्यावर पैसा घालू नकोस.

चौथं, बल्क कुठून काढलास हे बल्क किती काढलास याइतकंच मोलाचं आहे. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागात, वायनाड-निलगिरीत, 1880 च्या सुमारास सोन्याची लाट आली. निवडक, श्रीमंत दगडांच्या तपासणीवर लंडनमध्ये भराभर कंपन्या उभ्या राहिल्या. गिरण्या बसल्या, ढिगाने दगड दळला गेला आणि निघालेलं सोनं अंदाजाच्या जवळही आलं नाही. काही वर्षांत त्या कंपन्या बुडाल्या. म्हणून चांगला, मध्यम आणि हलका, तिन्ही भागांतून माल काढ. प्रत्येक सुरुंगाचा माल वेगळा ठेव, ओलावा वजा करून तोल. दळण्याआधी गिरणी साफ करून घे आणि बाहेर पडलेला गाळही तपास. बोअरवरून किती सोनं निघायला हवं, तो आकडा आधीच सही करून ठेव. मगच तुलनेला अर्थ आहे.

एक मोठा बल्कसुद्धा सगळा डोंगर सांगत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, ब्रूसजॅक इथे, 2013 मध्ये सुमारे 10 हजार टन माल काढला. अंदाज सुमारे 125 किलो सोन्याचा होता, निघालं 180 किलोच्या आसपास. 2017 मध्ये खाण सुरू झाली, पण पुढे साठ्याची प्रत खाली आणावी लागली. बल्क खरा होता, पण तो त्या जागेपुरता खरा होता.

पाचवं, अर्धा कोअर कधीही नष्ट होऊ देऊ नकोस. इंडोनेशियातल्या बुसांगला ब्री-एक्स कंपनीने कोअर चिरून अर्धा राखण्याऐवजी जवळजवळ सगळाच दळून टाकला. दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं गेलं होतं. 1997 मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच बोअर मारले, तेव्हा सोनं नाहीच हे उघड झालं आणि असंख्य लोकांची बचत बुडाली. नमुन्याच्या पिशवीला सील, नोंदवहीत सही आणि मधूनमधून माहीत असलेल्या प्रतीचा नमुना लपवून पाठवणं, यात कधी आळस करू नकोस.

शेवटचं, उतार कापताना खाली कोणाची घरं आहेत ते आधी बघ. 30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गेलं, जुलै 2023 मध्ये इरशाळवाडी गेली. मुसळधार पावसात डोंगर काय करतो, हे आपण पाहिलंय. रिगचा रस्ता, मलब्याचा ढीग आणि पाण्याचा निचरा यांची आखणी पावसाळ्याआधी पुरी कर. वनखात्याची परवानगी हातात आल्याशिवाय झाडाला हात लावू नकोस.

वरिष्ठ घाईने आकडा मागतील. बोअरचा आकडा, बल्कचा आकडा आणि त्यांच्यातला फरक, तिन्ही एकाच पानावर लिहून दे. फरक कळत नसेल, तर साठा जाहीर करू नकोस, आणखी माल काढ.