काहील घासल्याशिवाय दुसरे आधण नाही



हंगाम रंगात येतो, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते आणि नेमका अशा वेळी फलक झळकतो, "साफसफाईसाठी गाळप बंद." मग कर्जतच्या चौकात बोलणे सुरू होते, "आमचा ऊस वाळतोय अन् तुमची धुलाई चाललीय!" हा राग खोटा नाही. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर तासागणिक उतरते. म्हणून आज आम्ही या साफसफाईचाच धडा घेत आहोत.

गुऱ्हाळ आपल्या ओळखीचे आहे. एक आधण उतरले की काहील खरवडून धुवायची, मगच पुढचा रस ओतायचा. तळाला राहिलेले करपते अन् पुढचा गूळ काळा पडतो. साच्यात प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारे कारखानेही हेच करतात. काळा माल संपवून पांढरा घ्यायचा, तर यंत्राच्या नळीत उरलेले वितळलेले काळे प्लॅस्टिक आधी ढकलून बाहेर काढावे लागते. नाही तर पुढचे नग डागाळतात.

साखर कारखान्याची काहील म्हणजे रस आटवणारी चार-पाच मोठी पात्रे. पहिल्यातल्या रसाच्या वाफेवर दुसरे उकळते, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे. ही युक्ती अमेरिकेतील नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४० च्या दशकात यशस्वी केली. साधारण १५ ब्रिक्सचा रस इथे सुमारे ६० ब्रिक्सचा पाक होतो. पात्रातल्या उभ्या नळ्यांतून रस चढतो, बाहेरून वाफ तापवते. रसातले चुन्याचे क्षार आणि सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीचा अंश, नळ्यांना आतून चिकटतो. या खपलीमुळे उष्णता अडते, वाफ जास्त लागते आणि शेवटी गाळपच कमी करावे लागते.

सफाईला आधी सगळा रस काढून पात्रे धुतात. मग कॉस्टिक सोड्याचे पाणी काही तास उकळतात, म्हणजे खपली मऊ पडते. ते काढून पुन्हा धुवायचे, पात्र थंड करून आत हवा खेळवायची, मगच कामगाराने उतरून एकेक नळी ब्रशने घासायची. सोडा उडाला तर कातडी भाजते, कोंदट पात्रात जीवही जातो. तेव्हा "उरका लवकर" असा तगादा कोणी लावू नये. शेवटी सोड्याचा अंश राहिला नाही ना, नळी गळत नाही ना, हे पाहूनच रस सोडतात.

आता आपल्याकडचे काम. सिलिका बरीचशी येते ती माती आणि पाचटातून. भीमाकाठच्या काळ्या रानात ओल असली की बुडख्याला चिखल चिकटतो. तो रानातच झटकावा. पाचट, वाढे, मुळ्या मोळीत बांधू नयेत. पाचट सरीत राहिले तर जमिनीलाच उपयोगी.

दुसरे, सफाईचा दिवस गट कार्यालयात विचारूनच टोळी फडात घालावी. मुकादमालाही तो सांगून ठेवावा. आदल्या दिवशी तोडलेला ऊस गाडीत अडकतो आणि नुकसान आपल्याच पदरी येते. उभा ऊस दोन दिवस थांबेल, तोडलेला थांबत नाही.